साम्राज्याचा ताळेबंद कोणी मांडायचा?

ब्रिटिश साम्राज्यावरचा माहितीपट दूरचित्रवाणीवर लागला की सुरुवात बहुधा ठरलेली असते. बिगूल वाजतो, हत्ती डुलत जातात, बंगल्याच्या व्हरांड्यात चहा येतो आणि धूर सोडीत आगगाडी निघते. पुढे निवेदक जुलमाबद्दलही बोलतो. पण घरातल्या मुलांच्या मनात राहते ती आगगाडीच.

२००३ साली इतिहासकार नायल फर्ग्युसन यांनी ब्रिटनच्या ‘चॅनल फोर’वर ‘एम्पायर’ ही मालिका सादर केली. गुलामगिरी त्यांनी लपवली नाही. मात्र मुक्त व्यापार आणि कायद्याचे राज्य जगभर नेल्याचे श्रेय साम्राज्याच्या पदरात घातले. सारा रोख नफ्यातोट्याच्या हिशेबाकडे. बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला इथे साधा प्रश्न पडतो. हा ताळेबंद नेमका कोणाच्या नावाचा? आगगाडी जमेच्या बाजूला सगळेच दाखवतात. पण ती बांधणाऱ्या विलायती कंपन्यांना पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती आणि तूट आली की ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई, हे क्वचितच ऐकू येते. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला धावलेली पहिली गाडीही याच हिशेबातली.

खरी वही उघडणारे माहितीपटही झाले आहेत. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी मोडीत काढली, हे इंग्रज अभिमानाने सांगत आले. त्या वेळी दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना! २०१५ साली बीबीसीवर डेव्हिड ओलुसोगा यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील अभ्यासकांनी तपासलेल्या नोंदी प्रेक्षकांपुढे ठेवल्या. सुमारे ४६ हजार दावेदार; त्यांत धर्मगुरू होते, विधवाही होत्या. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची फेड २०१५ मध्ये पूर्ण झाली, असे ब्रिटनच्या अर्थखात्यानेच पुढे सांगितले.

२०१९ मध्ये डेव्हिड लॅमी यांनी पहिल्या महायुद्धात साम्राज्यासाठी मेलेल्या आफ्रिकी सैनिकांच्या आणि हमालांच्या विस्मृत कबरींवर माहितीपट केला. त्यानंतर युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगाला चौकशी समिती नेमावी लागली. किमान १ लाख १६ हजार मृतांची, त्यांत मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन, नावानिशी नोंदच झाली नव्हती, असे २०२१ च्या अहवालात निघाले आणि आयोगाने माफी मागितली. एका माहितीपटाने एवढे घडू शकते.

पण हा प्रश्न इंग्रजांपुरता नाही. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. चौथाईपायी तिथली गावे लुटली गेली, जाळली गेली. बंगालच्या अंगाईगीतात त्या ‘बर्गीं’ची भीती अजून शिल्लक आहे. अटकेपार झेंडे नेल्याचे आपण मुलांना कौतुकाने सांगतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र बंगालच्या त्या खेड्यांच्या नजरेतून कोणी मराठीत माहितीपट केला, तर आपण तो घरच्यांसह शेवटपर्यंत पाहू का? की पहिल्याच भागानंतर मोर्चा निघेल?

इंग्रजांनी आपली वही उघडावी, असे म्हणण्याचा हक्क आपल्याला आहेच. आपलीही उघडायची तयारी असेल, तर त्या म्हणण्याला वजन येईल.