पांढरी भिंत, गडद भिंत

घराला रंग देण्याची वेळ आली की दुकानातील शेडकार्ड घरी येते आणि त्यासोबत एक जुना वादही. फिका की गडद? फिका म्हणजे प्रशस्त, स्वच्छ, सुशिक्षित. गडद म्हणजे कोंदट. किंवा, गुळगुळीत कागदावरील गृहसजावटीच्या मासिकांचे ऐकावे तर, अभिरुचिसंपन्न. आम्ही पडलो साहित्याची माणसे. हा वादही पुस्तकांतूनच सोडवू पाहिला.

ल कॉर्ब्यूझिए यांनी १९२५ साली असा कायदाच सुचविला होता की प्रत्येकाने भिंतीवरील नक्षी-कागद काढून टाकावेत आणि पांढरा रंग फासावा. घर उजळले की मनही उजळेल. याउलट जपानी कादंबरीकार तानिझाकी यांनी १९३३ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या निबंधात सावलीची बाजू घेतली. लाखेचे भांडे, सोनेरी पडदा, जुनी भिंत यांचे सौंदर्य मंद उजेडातच उमलते, विजेच्या झगमगाटात ते मरते, हे त्यांचे म्हणणे. आमचा कौल अर्थातच तानिझाकींना. आतल्या खोलीला आम्ही गर्द हिरवा रंग दिला.

त्या खोलीत आमची आई राहते. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांत काचबिंदू. पांढरी भिंत पडलेल्या उजेडाचा सुमारे चार-पंचमांश भाग परत देते, गर्द भिंत त्याचा अगदी थोडा हिस्सा. हा हिशेब आम्हांस ठाऊक नव्हता असे नाही. पण सौंदर्यशास्त्राच्या भरात तो केला नाही. दिवेलागणीला आई चाचपडू लागली. मग आम्ही ओशाळून दुसरे टोक गाठले. भिंती पांढऱ्या, दार पांढरे, चौकटही पांढरी. आता उजेड भरपूर, पण दार सापडेना. दोनदा तिचा खांदा चौकटीवर आदळला.

मार्ग काढला तो रंगाऱ्याने. भिंत पांढरी राहू द्या, म्हणाला, पण चौकट आणि खालचा कमरेएवढा पट्टा गडद करा. बटणांच्या मागेही गडद चौकोन द्या. कमकुवत दृष्टीला उजेडाइतकीच कडाही लागते, हे त्याला न शिकता कळले होते. चुन्याच्या भिंतीला खाली गेरूचा पट्टा ओढणाऱ्या आमच्या आजीलाही बहुधा ते कळले असावे. आम्ही मात्र त्या पट्ट्याला सरकारी शाळेची कळा म्हणून हसत आलो.

फिका की गडद हा वाद धडधाकट डोळ्यांच्या माणसांचा आहे, असे आता आमचे मत झाले आहे. वाद घालणारे स्वतः तरी कुठे ठाम होते? कॉर्ब्यूझिए यांनी १९३१ साली ४३ छटांचा भिंतीकागदांचा संग्रह काढला. तानिझाकींची गोष्ट तर त्यांच्या पत्नीने सांगितलेली आहे. नवे घर बांधायचे ठरले तेव्हा वास्तुशिल्पी मोठ्या अभिमानाने म्हणाला, आपला निबंध वाचला आहे, आपणांस काय हवे ते नेमके ठाऊक आहे. त्यावर तानिझाकी उत्तरले की तसल्या घरात आपल्याला मुळीच राहता यायचे नाही. निबंधाच्या इंग्रजी भाषांतराला जोडलेल्या उपसंहारात हा किस्सा आहे. आम्ही तो निबंध वाचला, उपसंहार नाही.

असो. आई आता तपकिरी चौकटीवर हात टेकून बिनचूक आत येते. पट्टा मात्र तिला आवडलेला नाही. शाळेत बसल्यासारखे वाटते, म्हणते.