शून्य आणि गैरहजर

मंडळी, आज जरा वेगळा विषय. पाण्याच्या टाकीत बसवतात त्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचा. मी मराठीत बी.ए. झालेली, उभा जन्म मराठी-इतिहास शिकवण्यात गेला, तेव्हा "हिला यातलं काय कळतंय" असं घरचे म्हणतीलच! पण आमच्या सोसायटीत सध्या यावरून दोन तट पडलेत, आणि माझा तट ठरलेला आहे.

आधी हे यंत्र करतं काय ते सांगते. टाकीच्या झाकणाला ते पाण्याकडे तोंड करून लटकतं आणि हाक मारतं. स्वर इतका उंच, की आपल्या कानांना ऐकू येत नाही. हाक पाण्यावर आपटून परत येते. जाण्यायेण्याचा वेळ गुणिले आवाजाचा वेग भागिले दोन, झालं अंतर. टाकीच्या उंचीतून ते वजा केलं की पाणी किती ते कळतं. माथेरानच्या एको पॉइंटवर आपण ओरडतो, तोच प्रकार. 20 अंश तापमानाला आवाज हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर धावतो, म्हणजे मीटरभर खालच्या पाण्याला शिवून यायला सेकंदाच्या हजारातले जेमतेम सहा भाग! उन्हाळ्यात तो आणखी पळतो. 10 अंशांची थंडी आणि 40 अंशांचं ऊन यांत पाचेक टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून बऱ्यापैकी सेन्सरच्या पोटात थर्मामीटरही असतो.

इथवर सरळ आहे. पण कधीकधी हाकेला ओ येतच नाही. वरून नळाचं पाणी कोसळत असतं, फेस असतो, सेन्सरच्या तोंडावर वाफेचे थेंब जमतात, नाहीतर कोळी जाळं विणून बसतो. अशा वेळी सेन्सर थोडा वेळ जुनाच आकडा दाखवत थांबतो. ते योग्यच आहे, पुढच्या हाकेला उत्तर येतंही. पण तरी आलं नाही तर? तेव्हा काय दाखवायचं हे आपण ठरवून द्यायचं असतं: टाकी भरली म्हणायचं, रिकामी म्हणायचं, की शेवटचा आकडाच धरून बसायचं.

आमच्याकडे रात्री-अपरात्री अलार्म वाजतो आणि वॉचमन सेक्रेटरींना उठवतो. म्हणून काहींचं म्हणणं, शेवटचा आकडा धरू दे आणि अलार्म बंद करा. मला हे साफ नामंजूर आहे.

निकालपत्रकात शून्य वेगळं आणि ‘गै.ह.’ वेगळं. शून्यवाल्याने पेपर दिलेला असतो. गैरहजर मुलाला मागच्या चाचणीचे 35 मार्क कुणी मास्तर देईल का? कारखान्यांतही हे पाळतात, असं माझा इंजिनिअर भाचा सांगतो. तिथे रिकामी टाकी 4 मिलिअँपिअर आणि भरलेली 20 असा निरोप तारेतून जातो. शून्य मुद्दामच वापरत नाहीत. शून्य आलं की समजायचं, तार तुटली. "मावशी, तुझं गै.ह.च ते!" इति भाचा.

इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या इंधन डेपोत 11 डिसेंबर 2005 च्या पहाटे पेट्रोलची एक टाकी भरत होती. तिथलं पातळी मोजणारं यंत्र वेगळ्या जातीचं होतं, पण ते तीनच्या सुमारास एका आकड्यावर अडकलं. पेट्रोल चढत राहिलं, आकडा हलेना. काठाजवळचा वेगळा स्विचही ऐन वेळी चालला नाही. टाकी ओसंडली आणि सहा वाजता स्फोट झाला. 40 हून अधिक माणसं जखमी झाली. रविवार होता म्हणून कुणी दगावलं नाही, एवढंच नशीब.

आपल्याकडे पेट्रोल नाही, पाणी आहे, हे मान्य. पण मे महिन्यात टँकरचं पाणी गच्चीवरून वाहून जाताना बघवत नाही हो. म्हणून माझं म्हणणं असं. गच्चीवरच्या टाकीचा सिग्नल गेला तर ती भरली समजून पंप बंद व्हावा. खालच्या हौदाचा गेला तर हौद रिकामा समजून पंप बंद व्हावा, नाहीतर कोरडा फिरून जळेल. यात कधी विनाकारण पहाटेचं पाणी जाईल. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना त्रास होईल (त्यांत मीही आले). पण मग कुणीतरी गच्चीवर जाऊन बघेल तरी! पडद्यावर छान आकडा दिसत असताना कोण जिना चढतो?

सेक्रेटरींची झोप मलाही प्रिय आहे. त्यासाठी सेन्सर नळाच्या धारेपासून लांब सरकवा, तोंड महिन्याला पुसा, थांबण्याची मुदत सेकंदांवरून दोन-तीन मिनिटांवर न्या.

आणखी एक. हाक मारल्यावर सेन्सर घंटेसारखा क्षणभर थरथरत राहतो, त्यामुळे अगदी जवळचं, साधारण वीत-दीड वीत अंतर त्याला कळत नाही. पाणी तिथवर चढलं तर तो कधीकधी दुसऱ्यांदा आपटून आलेला आवाज पकडतो आणि अंतर दुप्पट सांगतो, म्हणजे भरलेली टाकी त्याला उणी वाटते. इथे सिग्नल हरवलेलाच नसतो, त्यामुळे अलार्मही वाजत नाही. तेव्हा सेन्सर या अंतराहून उंच बसवा, आणि काठाजवळ साधा तरंगत्या गोळ्याचा स्विच वेगळा ठेवा. तो महिन्यातून एकदा हाताने उचलून पंप खरंच थांबतो का ते बघायचं. तुमच्या सोसायटीत काय केलंय, जरूर कळवा.