पाठिंबा कशास म्हणावे?

छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक मोर्चांस नवा नाही. इ. स. १८५७ च्या बंडातील घोडेस्वारांना जेथे देहान्त शासन झाले, त्या काळ्या चबुतऱ्याची ही जागा. आज तेथे शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे, आणि कोणत्याही जातीचा माणूस गाऱ्हाणे घेऊन शहरात आला की प्रथम तेथेच उभा राहतो. आमचे पुष्कळ वाचकही तेथे जाऊन आले आहेत. घरी परतल्यावर ते मोठ्या समाधानाने सांगतात, "आमचा चळवळीस पाठिंबा आहे." हा पाठिंबा म्हणजे नक्की काय, हे एकदा स्पष्ट बोलले पाहिजे.

ता. ९ ऑगस्ट २०१६ रोजी याच चौकातून मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला. कोपर्डीच्या मुलीवरील अत्याचाराने लोक संतापले होते, तरी एवढा प्रचंड समुदाय तोंडातून शब्द न काढता चालला. मुली पुढे, पुढारी मागे; आणि मोर्चा सरल्यावर स्वयंसेवकांनी रस्ता झाडून काढला. त्या मोर्चाच्या सर्वच मागण्या आम्हांस पटल्या असे नाही. ॲट्रॉसिटीच्या कायद्यात बदल होऊन कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार होते, हे कोडे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही. परंतु हाती झाडू घेणाऱ्या त्या पोरांविषयी आम्हांस आदर वाटतो. गर्दी घरी गेल्यावर जे काम उरते, ते त्यांनी केले.

आता याच मुलुखातील दुसरी गोष्ट. ती ऐकावयास कडू आहे. ता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. लागलीच मराठवाड्याच्या खेड्यांत दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, कित्येकांना गाव सोडावे लागले. विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचे नाव येण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. शहरांत ठरावाच्या बाजूने सभा झाल्या, पत्रके निघाली. ते चांगलेच झाले. पण जळत्या घरावर ओतावयाचे पाणी काही शहरातून येणार नव्हते. ते शेजारच्या आळीतून यावयाचे होते. आग लावणारे थोडे असतील. दाराला कडी लावून आत बसणारे पुष्कळ होते, आणि त्यांत आमचे शेतकरी होते, सुतार होते, कुंभार होते. हे आम्ही झाकून ठेवणार नाही.

कडी लावणारे सारेच दुष्ट होते काय? नव्हे. त्यांस पोटाची भीती होती. गावाच्या मताविरुद्ध लोहार बोलला की त्याच्या भट्टीवर कोणी फिरकत नाही; न्हावी बोलला की लोक दुसऱ्या गावी जाऊन दाढी करतात. शेतकऱ्याची पाणंद अडते, पेरणीला मजूर मिळेनासा होतो, बैल उसने मिळत नाहीत. मारहाण न करता माणसाला वाकविण्याची ही जुनी युक्ती आहे, आणि ती चालते याचे कारण उघड आहे: एकट्याला वेगळे पाडले जात असता बाकीचे मनातून त्याच्या बाजूचे असूनही व्यवहार तोडतात.

जोतीराव व सावित्रीबाई हे मर्म जाणत होती. ता. २५ डिसेंबर १८७३ रोजी भटावाचून पहिले सत्यशोधक लग्न लागले, तेव्हा त्याचा खर्च सावित्रीबाईंनी आपल्या अंगावर घेतला. नुसते "तुम्ही धीर धरा" म्हणणारे त्या काळीही थोडे नसतील. त्यांच्या भरवशावर ते लग्न लागले नसते.

सध्या मोबाइलवर पाठिंबा देणे एका बोटाचे काम झाले आहे. त्यास आमची हरकत नाही, बोटालाही काम हवेच. पण वाचकहो, तुमच्या गावात मजुरीसाठी, विहिरीच्या पाण्यासाठी किंवा पोरीच्या मर्जीच्या लग्नासाठी तोंड उघडून कोणी एकटा पडला आहे काय? त्याच्या दुकानातून मीठमिरची आणावी. त्याच्या घरच्या कार्याला बायकापोरांसह जाऊन पंगतीत बसावे. कोर्टाची तारीख असेल तर एक दिवसाचा रोज बुडवून त्याच्यासोबत तालुक्याला जावे. आणि तो लोहार असेल तर यंदाचे फाळ त्याच्याच भट्टीवर पाजवावेत. तेही अंधार पडल्यावर चोरून नव्हे, बाजाराच्या दिवशी चावडीवरून नेऊन.