बैल गेला नि झोपा केला!

शेतकरी बंधूंनो, समजा, ऐन मृगाच्या तोंडावर शेजाऱ्याने तुमचा वहिवाटीचा गाडीरस्ता नांगरून टाकला. तुम्ही काय करता? आधी बांधावर भांडण, मग चार पंच, मग भावकीची बैठक. शेजारी म्हणतो, 'सुगी होऊ द्या, बघू.' तुम्ही थांबता, डोक्यावर पोती वाहून माल घरी आणता आणि माघात जाऊन तहसीलला दावा टाकता. झोपा करायला निघालात खरे, पण बैल केव्हाच गेलेला असतो!

अडवलेला जुना रस्ता मोकळा करून मागायचा तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ लागते. त्यात स्पष्ट म्हटले आहे की कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा आला पाहिजे. नाहीतर तो दाखलच करून घ्यायचा नाही. आणि हे सहा महिने अडथळा पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवसापासून मोजायचे. 'रस्ता अजून बंदच आहे की हो,' हे म्हणणे तिथे चालत नाही. मग उरते दिवाणी न्यायालय. ती वाट लांबची आणि खर्चाची.

आता दुसरी बाजू. दावा तुमच्यावर झाला असेल आणि तो उशिराचा असेल, तर गप्प बसू नका. पहिल्याच लेखी म्हणण्यात लिहा : 'दावा मुदतबाह्य आहे, हा मुद्दा आधी ठरवून दावा फेटाळावा.' तारीख दाखवणारा कागद सोबत जोडा. दिवाणी न्यायालयात तर मुदत कायदा, १९६३ च्या कलम ३ प्रमाणे सामनेवाल्याने मुद्दा काढला नाही तरी उशिराचा दावा फेटाळावाच लागतो. दाव्याच्या मजकुरातच उशीर उघड दिसत असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली दावाअर्ज सुरुवातीलाच नामंजूर करून मागता येतो. तारखेबद्दलच वाद असेल तर मात्र पुरावा द्यावा लागतो.

कुणी म्हणेल, 'हक्क खरा असून केवळ दिवस उलटले म्हणून हरायचे, हा कुठला न्याय?' प्रश्न खोटा नाही. पण पंधरा-वीस वर्षांनी साक्षीदार उरत नाहीत, बांध सरकलेले असतात, जमीन तिसऱ्याच्या हातात गेलेली असते. कुणाच्याही डोक्यावर दाव्याची टांगती तलवार जन्मभर ठेवणे हाही न्याय नव्हे. अज्ञानाला (म्हणजे अठराच्या आतल्याला) कायद्याने सवलत ठेवलीच आहे. अपिलाला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. दिवाणी दाव्याला मात्र ती माफी नाही, हे पक्के ध्यानात ठेवा.

आमचे खरे गाऱ्हाणे वेगळेच आहे. उशिराचा दावा आधी दाखल होतो, तारखांवर तारखा पडतात, दोन्ही घरची माणसे हेलपाटे घालतात आणि शेवटी निकाल लागतो – 'मुदतबाह्य'! हे पहिल्या दिवशी का सांगितले नाही? तहसीलदार साहेबांनी मुदतीचा मुद्दा अगोदर निकाली काढावा. तलाठ्यांनी पंचनाम्यात अडथळा कोणत्या तारखेपासून आहे ते स्वच्छ लिहावे. 'काही महिन्यांपूर्वी' असे मोघम नको.

आणि बंधूंनो, समेटाची बोलणी जरूर करा. गावातला वाद गावात मिटला तर सोन्याहून पिवळे. पण बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. रस्ता अडला त्याच दिवशी घरच्या कॅलेंडरवर खूण करा आणि पाचव्या महिन्यापर्यंत तडजोड झाली नाही, तर सरळ तहसील गाठा. दावा टाकल्यावरही समेट करता येतो. मुदत गेल्यावर मात्र शेजारी समेटाला कशाला येईल?