डोंगराचा फोटो ठेवा, छापलेलं कव्हर नको

लोणावळ्यात किंवा कामशेतला मोबाईल कव्हरचं दुकान टाकायचं आणि कव्हरवर आपल्या मावळातले फोटो छापायचे, ही आयडिया मला सतत कुणीतरी सांगतं. आयडिया चांगलीच आहे. चिक्की घेऊन घरी जाणारा माणूस राजमाचीचं कव्हरही नेईल. पण सुरुवात कुठून करायची, यात बरेचजण चुकतात. मीही चुकलो होतो, तेही बाबांनी पतसंस्थेतून काढून दिलेल्या पैशांवर.

पहिल्या पावसाळ्यात मी लोहगड, तुंग, पवना धरण, टायगर पॉइंट असे 8 फोटो निवडले आणि 10 मॉडेलवर छापून भिंतीला लटकवले. 8 गुणिले 10, म्हणजे 80 कव्हरं. गिऱ्हाईक यायचं, तुंगवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "हे माझ्या मोबाईलला बसेल का?" नाही बसायचं. त्याच्या मॉडेलला जे बसायचं त्यावर पवना असायचं, आणि त्याला तर तुंगच हवा. दिवाळीपर्यंत निम्मी कव्हरं भिंतीवरच. तोवर नवे मॉडेल आले, कॅमेऱ्याची जागा बदलली, माझा माल भंगार. बीबीएला इन्व्हेंटरीचा अख्खा चॅप्टर पाठ करून पास झालेला माणूस बरं का मी!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. छापलेलं कव्हर दुकानात ठेवूच नका. कोरी कव्हरं ठेवा, फोटो कॉम्प्युटरमध्ये ठेवा आणि गिऱ्हाईक आल्यावर छापा. सब्लिमेशनमध्ये फोटो आरशातल्यासारखा उलटा करून खास कागदावर काढतात. हीट प्रेसमध्ये साधारण 180 ते 200 अंशांवर तो कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उतरतो, आणि पत्रा कव्हरला चिकटवतात. गिऱ्हाईक समोर चहा पिऊन येईपर्यंत काम होतं. कोऱ्या कव्हरवर उद्या कुणाच्या बाळाचा फोटोही छापता येतो. तुंग छापून ठेवलात तर तो तुंगच राहतो.

कव्हर घेताना एक बघा, कडा कॅमेऱ्यापेक्षा उंच हवी. मोबाईल पडून काच फुटली तर गिऱ्हाईक डोंगर बघत नाही, तुम्हाला शोधतं.

आता फोटो. गुगलवरून उचलू नका. गड सगळ्यांचा, पण फोटो काढणाऱ्याचा. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे आणि प्रसिद्ध झालेल्या फोटोवरचा हक्क 60 वर्षं राहतो. जुलै 2025 मध्ये लोहगड इतर 11 किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, म्हणजे लोहगडाचं कव्हर आता कुणीही काढणार. तुमचं वेगळं कसं दिसेल? मळवलीला उतरा, भाजे गावातून वर जा, स्वतः काढा. जमत नसेल तर गावातल्या फोटो काढणाऱ्या पोराला पैसे द्या आणि परवानगी लिहून घ्या.

आणि मोबाईल उभा धरून काढा. आडवा फोटो उभ्या कव्हरवर बसवला की दोन्ही बाजू कापल्या जातात. वरचा डावा कोपरा बहुतेक मोबाईलमध्ये कॅमेरा खातो. माझ्या पहिल्या लोहगडाच्या कव्हरवर विंचूकाट्याचं टोकच कॅमेऱ्याच्या भोकात गेलं होतं! वर आकाश मोकळं सोडा, डोंगर खाली घ्या.

सगळ्यात जास्त चालणारा फोटो मात्र तुमच्याकडे नसतोच, तो गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये असतो. सकाळी टायगर पॉइंटला काढलेला, धुक्याने निम्मा पांढरा. तो व्हॉट्सॲपवर साधा मागवू नका, बारीक होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. कव्हर साधारण 16 सेंटीमीटर लांब असतं, 300 डीपीआयने छापायचं तर उंचीत 1900 च्या आसपास पिक्सेल लागतात.

पावसाळ्यात सब्लिमेशनचा कागद उघडा ठेवू नका. आपल्याकडची हवा तो पिऊन टाकतो आणि प्रिंटवर डाग पडतात. मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, लागेल तेवढाच बाहेर काढतो.