आधी शांत बस, मग खेळ

आपल्याकडे एक शिक्षा फार लाडकी आहे. गृहपाठ केला नाही, वर्गात बडबड केली, बाकावरून तीनदा उठला, की पीटीचा तास बंद. घरीही तेच: "आज खाली खेळायला जायचं नाही." ज्याला बसवतच नाही त्याला आणखी बसवून ठेवायचं, हा उपाय कोणाला सुचला कोण जाणे. तो सर्वांत जास्त कोणावर वापरला जातो, हे मात्र तुम्हालाही माहीत आहे. "वांड आहे", "याला फटके हवेत" असं ज्यांच्याबद्दल सर्रास बोललं जातं, त्या पोरांवर.

यांतल्या काहींना एडीएचडी असतो. लक्ष टिकत नाही, अंग स्थिर राहत नाही, विचार पोहोचायच्या आधी हात पोहोचलेला असतो. हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे, आईच्या लाडांचा परिणाम नाही. खेळाने तो बरा होत नाही आणि औषध-थेरपीची जागा खेळ घेत नाही. पण दमदार व्यायामानंतर काही वेळ अशा मुलांचं लक्ष जास्त टिकतं, असं संशोधनात अनेकदा दिसलं आहे. आणि आपण शिक्षा म्हणून नेमकं तेच काढून घेतो.

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. इथे नाशिकमध्येच संध्याकाळच्या एका क्रिकेट क्लासने त्याला दुसऱ्या महिन्यात घरी पाठवलं. कारण काय, तर "रांगेत थांबत नाही, बाकीच्यांना डिस्टर्ब करतो." मी साधा हिशोब केला. एक तास, दोन नेट, २४ मुलं. प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं बॅटिंग, थोडी बॉलिंग, बाकी सगळी रांग. म्हणजे ज्याला थांबणंच जमत नाही, त्याची रोज थांबण्याची परीक्षा घ्यायची आणि नापास झाला म्हणून काढून टाकायचं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादा यूजर फॉर्मवर अडकला तर आम्ही फॉर्म बदलतो, यूजरला "नीट वाग" म्हणत नाही.

"पण बाकीच्या मुलांचं काय? त्याने कोणाला बॅट मारली तर?" प्रश्न रास्त आहे. कोचही एकटा असतो, त्याला हे कोणी शिकवलेलं नसतं. पण उत्तर हकालपट्टी नाही. सहा-सहाचे गट करा. एका वेळी एकच सूचना द्या. रांगेऐवजी फेऱ्या मारायला लावा. एक मदतनीस ठेवा. यातलं काहीही बाकीच्या २३ मुलांना नकोसं होणार नाही, तीही रांगेत कंटाळलेलीच असतात. आणि क्रिकेटच कशाला? धावणं, पोहणं, मल्लखांब, कुस्ती यांत शरीराला सतत काम देता येतं.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी. या कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं नाव नाही. संध्याकाळचे खाजगी क्लास तर या कलमात येतच नाहीत. म्हणून भाच्यासारखी मुलं दोन्हीकडून निसटतात. कागदावर दिव्यांग नाहीत, मैदानावर नॉर्मल नाहीत.

मग कोणीतरी धीर द्यायला मायकेल फेल्प्सचं नाव घेतं. नवव्या वर्षी एडीएचडीचं निदान, पुढे २८ ऑलिंपिक पदकं. मला हा दिलासा आवडत नाही. पदक आणणार असशील तर तुझा चंचलपणा चालवून घेऊ, असा त्याचा अर्थ निघतो. आपल्या जिल्ह्याने कविता राऊत दिली, रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हं मारणारा दत्तू भोकनळ दिला. त्यांचा अभिमान मलाही आहे. पण मैदान फक्त असे खेळाडू निवडायची चाळणी झालं, तर खाली पडणाऱ्या हजारो पोरांनी संध्याकाळी करायचं काय? घामाघूम होऊन घरी यावं, दोन मित्र मिळावेत, रात्री शांत झोप लागावी, एवढ्यासाठीही खेळता आलं पाहिजे.

एप्रिल उजाडला की कॉलेज रोड, गंगापूर रोडवर समर कॅम्पचे फ्लेक्स लागतील. तुम्ही मामा असाल, मावशी असाल, ताई-दादा असाल. फी भरायच्या आधी तीन प्रश्न विचारा: एका कोचमागे किती मुलं? तासातली किती मिनिटं मूल प्रत्यक्ष खेळतं? आणि शांत न बसणाऱ्या मुलाचं तुम्ही काय करता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "बाहेर बसवतो" असेल, तर पैसे परत खिशात घाला. तुमचं पोर कितीही शहाणं असलं तरी.