सिमेंटला सावली, कामगाराला ऊन

२०२४ च्या एप्रिलमध्ये बेंगळुरूचा पारा ३८ अंशांवर गेला. बनशंकरीसारख्या वसाहतींत इमारतींच्या दर्शनी भिंतींवर टाइल बसविणारा कामगार अशाच उन्हात परांचीवर उभा असतो. तापलेली भिंत सिमेंटच्या लेपातील पाणी शोषून घेते, लेपावर साय धरते आणि टाइल पुढे निखळते. म्हणून भिंत ओली करावी, सावलीच्या बाजूस काम करावे, भर दुपार टाळावी, असे माल बनविणाऱ्या कंपन्याच बजावतात. ५ अंशांखाली काम नको, हेही. बेंगळुरूत तो प्रश्न येत नाही. मालाची एवढी काळजी! कामगाराची मजुरी मात्र चौरस फुटावर. दुपारी थांबला की कमाई बुडाली. टाइल निखळली तर दोषही त्याच्याच माथी. या सक्तीच्या विश्रांतीची पूर्ण मजुरी मालक व कंत्राटदार यांनीच दिली पाहिजे, ही मागणी कामगार संघटनांनी प्रत्येक बांधकामावर नेटाने लढविली पाहिजे.